लग्नाची तिसरी डीव्हीडी

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितली नाही. ती शेवटच्या आजारात होती, तेव्हाही तोंड उघडलं नाही. आता तुम्हाला सांगतो — का सांगतो, ते मला विचारू नका.

मी तिसरी शिकलो. अक्षर वाकडं येतं, पण येतं. द्वारकेच्या चौकात चाळीस वर्षं पंक्चरचं दुकान चालवलं आणि कुणापुढे मान खाली घातली नाही. हे फुशारकीने सांगत नाही — म्हणजे, थोडं फुशारकीनेच सांगतो. स्वभावच तो. सगळं तिथूनच सुरू झालं.

माझ्या मुलाला, सुनीलला, डीव्हीडी जमवायचा नाद. पत्र्याची पेटी भरून होत्या — सिनेमे, कीर्तनं, नातेवाइकांची लग्नं. पुढे त्या अडकायला लागल्या, तेव्हा त्याने ठरवलं की सगळ्या कॉम्प्युटरमध्ये भरायच्या आणि तिथून टीव्हीवर लावायच्या. मी तेव्हा दुकान सोडून घरी बसलेलो. पुसायचं काम माझ्याकडे आलं. मऊ फडकं घ्यायचं, मधून बाहेर सरळ पुसायचं. गोल पुसायचं नाही — गोल ओरखडा पडला की मशीनला पुढचं काही वाचता येत नाही, असं त्यानेच शिकवलं. मी जोर लावला की म्हणायचा, "आप्पा, ही ट्यूब नाय. हळू."

पेटीच्या तळाशी माझ्या मुलीच्या लग्नाच्या तीन डीव्हीडी होत्या. पहिली हळदीची, दुसरी लग्नाची. त्या सगळ्यांनी पाहिल्या. तिसरी दुसऱ्या कॅमेऱ्याची — पाहुणे, फेटे, पंगती. ती कोण बघत बसतो? मी बघितली होती. एकदाच, घरात कोणी नसताना. मग मीच तळाशी टाकली.

आता दादाचं सांगावं लागेल. दादा माझा थोरला भाऊ. सटाण्याकडे राहायचा, कांदा करायचा. मुलीचं लग्न ठरवायच्या बैठकीत तो म्हणाला, "पोरीला बारावी तरी होऊ दे, एवढी घाई कशाची?" पाहुण्यांच्या समोर म्हणाला. मुलीचा बाप मी का तो? ते मी मनात धरून ठेवलं.

लग्नाच्या दिवशी मांडवात मानाचे फेटे बांधत होते. पहिला मान नवरीच्या थोरल्या चुलत्याचा — म्हणजे दादाचा. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मान जरा पुढे करून बसला. फेटेवाला त्याच्यापाशी आला, कापड उलगडलं, आणि सहज माझ्याकडे बघितलं. मी बोट हलवलं. याला नको. पुढच्याला बांध.

एवढंच. एक बोट. गर्दीत कोणाच्या ध्यानातही आलं नाही, पण त्या दुसऱ्या कॅमेऱ्यात आलं. फेटेवाला पुढच्या माणसाकडे गेला. दादा तसाच बोडक्या डोक्याने बसून राहिला — त्या डीव्हीडीत बघितलं तर लय वेळ बसलाय. मग टोपी घातली, उठला, न जेवता गेला.

भाऊकीने विचारलं, थोरला का गेला? मी म्हणालो, फेटा पाठवला होता, त्याने नाकारला. सगळ्यांना पटलं. दादा कमी बोलायचा, त्यामुळे तो गर्विष्ठ ठरायला वेळ लागला नाही. आम्ही परत कधी बोललो नाही. तीन-चार वर्षांनी तो वारला. मी खांदा द्यायला गेलो, तर लोक म्हणाले, धाकट्याचं मन मोठं. मी ऐकून घेतलं.

दादाचा एकच फोटो आहे, मतदानाच्या कार्डावरून मोठा करून घेतलेला. चालता-बोलता दादा फक्त त्या तिसऱ्या डीव्हीडीत. हे सुनीलच्या लक्षात आलं. त्याने काकूला फोन केला — दिवाळीला या, काकांना टीव्हीवर दाखवतो. वहिनी येते म्हणाल्या.

इथपर्यंत लिहून मी दोन दिवस थांबलो होतो.

सुनील कामावर गेला होता. दुपार होती. मी ती डीव्हीडी काढली. पंक्चर लावायच्या आधी ट्यूब खरवडतात तो पॉलिश पेपर घरात पडलेला होता. अंगठ्याखाली धरला आणि घासली — गोल. मुद्दाम गोल. चांगली सफेद पडेपर्यंत. मग कव्हरात घालून होती तिथे ठेवली. खोटं कशाला सांगू, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.

वहिनी ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. टीव्हीसमोर खुर्चीवर बसल्या, पदर डोक्यावर घेतला. त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, "भाऊजी, माले फक्त त्यास्नं चालनं दखनं शे." नवऱ्याला चालताना बघायचं, बाकी काही नको.

कॉम्प्युटर नुसता घरघर करत राहिला. सुनीलने तीन वेळा लावून बघितली. मग डिस्क काढून खिडकीच्या उजेडात धरली. मग माझ्याकडे बघितलं. "काकू, जुनी झाली, गेली," एवढंच तो म्हणाला. मला काही बोलला नाही. आजपर्यंत बोलला नाही.

मला वाटलं वहिनी रडतील. रडल्या नाहीत. चहाची बशी हातात तशीच धरून बोलायला लागल्या. त्या फेट्यावरून त्या दादाला शेवटपर्यंत बोलल्या होत्या. भावाने मानाने पाठवलेला फेटा तुम्ही नाकारलात कसा, म्हणून. दादा म्हणायचा, माझ्यापर्यंत फेटा आलाच नाही. वहिनी बायकांच्या बाजूला बसलेल्या, त्यांनी काही पाहिलं नव्हतं. त्यांनी नवऱ्याला खोटं ठरवलं आणि मला खरं. पुढे पुढे दादाने सांगायचंच सोडलं. सगळी भाऊकी सोडा — घरातली बाईसुद्धा त्याच्या बाजूला नव्हती. हे मला त्या दिवशी कळलं.

बशी खाली ठेवून वहिनींनी मला हात जोडले. वयाने मोठ्या, नात्याने मोठ्या. ते तर आता नाहीत, म्हणाल्या, त्यांच्या वतीने मी माफी मागते.

सुनील दारात उभा होता. तोंडाशी आलं होतं का माझ्या? नव्हतं आलं. मी म्हणालो, "जाऊ द्या वहिनी. मी केव्हाच माफ केलं."

वहिनी अजून आहेत. दादाच्या श्राद्धाला मी दरवर्षी सटाण्याला जातो. पहिलं पान त्या मला वाढतात. मी जेवतो.