विचारून घेतलेलं पाणी

सारजा भांडकुदळ होती, असं आमच्या वाडीत अजून सांगतात. सांगणाऱ्याच्या कानाखाली एक वाजवावी असं मला दर वेळी वाटतं. इंदापूर-बारामती रस्त्यालगत आमचं वांग्यांचं शेत, शेजारी मिशनची जमीन, मध्ये फक्त बांध. जे झालं ते मी बांधावरून डोळ्यांनी पाहिलं आहे.

सारजा महारवाड्यातली. नवरा जोतीराम मिशनच्या शाळेत शिपाई. दोघांनी लग्नानंतर बाप्तिस्मा घेतला होता. बाई धिप्पाड, आणि आवाज असा की तिनं घरात नवऱ्याला हाक मारली तर इकडे आमचे बैल कान टवकारत. गावच्या विहिरीला या लोकांना हात लावू देत नसत. बायकांनी लांब घागरी मांडून ताटकळायचं. कुणाला दया आली तर तो वरून ओतणार, नाहीतर शिव्या. सारजाच्या सासूनं एकदा पायरीवर पाय ठेवला म्हणून तिला दगडांनी ठेचली होती. म्हातारी पुढं लंगडतच मेली.

एकोणीसशे अकरा साली विल्कॉट नावाच्या अमेरिकन पाद्र्यानं मिशनच्या जमिनीत विहीर खणली आणि वस्तीला खुली केली. पाणी लागलं तो वैशाखातला दिवस वस्तीनं सणच करून टाकला. दर वर्षी त्या दिवशी बायका ठेवणीतली लुगडी नेसून विहिरीवर जमायच्या. साहेब टोपी काढून काठावर उभा राहायचा. सारजा सगळ्यांच्या वतीनं मोठ्यानं विचारायची, "सायेब, पाणी घिऊ का?" आणि साहेब आपल्या मोडक्या मराठीत म्हणायचा, "घे बाई, पुष्कळ घे." मग हशा, मग गूळ. ज्यांना जन्मभर पाणी मागितल्यावर शिवीच मिळाली, त्यांना ते 'घे' किती गोड लागत असेल ते तुम्हीच बघा.

साहेब मनानं भला, पण व्यवहारात अगदी ढ. परदेशी संस्थेच्या नावावर जमीन चढवायची तर कागद समुद्रापार जाणार, सह्या होणार, परत येणार. एवढी उस्तवार कोण करतो म्हणून त्यानं जमीन स्वतःच्या नावावर घेतली आणि नाव बदलायचं राहून गेलं. एकतीस साली तो रजेवर मायदेशी गेला आणि तिकडेच वारला. तेव्हा अमेरिकेत बँका बुडत होत्या, मिशनला वर्गणी देणारेच कंगाल झाले होते. इकडे शाळा बंद, दवाखाना बंद, जोतीरामचा पगार बंद. जमीन कायद्यानं साहेबाच्या पुतण्याकडे गेली. इंदापूर पूर्वेला की पश्चिमेला हे त्याला ठाऊक नव्हतं, पैसे मात्र हवे होते. त्याच्यावर तिकडे दावा लावायला मिशनकडे दमडी नव्हती. त्यांनी हात वर केले. पुतण्यानं पुण्यातल्या एकाला मुखत्यारपत्र धाडलं आणि विहिरीसकट सगळी जमीन मोहनरावानं घेतली.

मोहनराव बारामतीकडचा बागाईतदार. त्याला उसासाठी पाणी हवं होतं. त्यानं विहिरीभोवती काटेरी तार ठोकली आणि चार गडी बसवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारजा बायकांना घेऊन आली आणि तार पायाखाली दाबून सरळ आत गेली. एका गड्यानं तिचे केस धरून तिला काट्यांवरून फरफटत नेलं. पाठीवरचं लुगडं फाटलं, खालची कातडी फाटली. जोतीराम धावला तर दुसऱ्यानं ऊस तोडायचा कोयता घातला. जोतीरामनं हात आडवा धरला म्हणून डोकं वाचलं, पण तीन बोटं मातीत पडली. ती बोटं बघून सारजा जी उठली, तिनं पाणी शेंदायचा लोखंडी पोहरा दोरासकट गरगर फिरवला आणि कोयतेवाल्याच्या तोंडावर हाणला. त्याचा जबडा मोडल्याचा आवाज मला बांधावर ऐकू आला. मला बरं वाटलं. अजूनही वाटतं.

पोलीस आले, दोन्हीकडची माणसं धरून नेली आणि पुढं जामिनावर सोडली. वस्तीनं मोहनरावाच्या उसात कामाला जायचं बंद केलं. मिशनच्या देशी पाद्र्यानं कसेबसे पैसे जमवून बारामतीच्या कोर्टात दावा लावला. माधवराव वकील वस्तीच्या बाजूनं उभे राहिले. त्यांनी सगळ्यांना समजावलं, "वीस वर्षं आपण हक्कानं पाणी भरतोय हे दिसलं पाहिजे. मग जमीन कुणाचीही होवो, पाणी कुणाला तोडता येत नाही." वर्षं बावीस झाली होती. दावा जिंकल्यातच जमा होता.

मी कोर्टात बसलो होतो. सारजानं बायबलवर हात ठेवून शपथ घेतली. मोहनरावाचा वकील रमाकांत गोडबोल्या माणूस. त्यानं भांडणाचं नावच काढलं नाही. "तुमचे साहेब फार चांगले होते म्हणतात?" म्हणाला.

सारजाचा चेहरा उजळला. "देवमाणूस!"

"पाण्यावरून ते कधी रागावले?"

"कंदी न्हाय. आमी दर सालाला सगळ्यांम्होरं इचारायचो, सायेब, पाणी घिऊ का? त्ये म्हनायचे, घे बाई, पुष्कळ घे. आख्खं गाव साक्षीला हाय!"

माधवरावांनी कपाळाला हात लावला. सारजाला वाटत होतं, विहीर आपल्याला दिली याचा याहून मोठा पुरावा कोणता? पण जे दर वर्षी विचारून घेतलं ते मेहेरबानीचं, हक्काचं नव्हे, असा कायदा. आणि मेहेरबानी करणारा तर मेला होता. दावा फेटाळला गेला. कोर्टाच्या दारात जोतीरामनं तिला दोन बोटं उरलेल्या हातानं थोबाडीत मारली. बायकोवर हात टाकताना त्याला मी पहिल्यांदाच पाहिलं. तिनं उलट हात उचलला नाही. "मला काय ठावं वो," एवढंच म्हणाली. मला रडू आलं.

उन्हाळा चढला. बायका दोन कोस चालून कालव्यावरून पाणी आणू लागल्या. तिकडे मोहनरावाच्या उसाला माणूस मिळेना. तेव्हा त्यानं निरोप धाडला, की कामावर या आणि पाणीही न्या. अट एकच. सारजा साहेबाला विचारायची, तसंच तिनं गावादेखत मोहनरावाला विचारायचं.

वस्तीतली पोरं तापानं फणफणत होती. सगळ्यांनी सारजाचे पाय धरले. जोतीरामसुद्धा म्हणाला, "इचार की. तोंडाचीच वाफ." ती गेली. मोहनराव काठावर खुर्ची टाकून बसला होता, गाव तमाशाला जमला होता.

"मालक, पाणी घिऊ का?"

"ऐकू आलं न्हाय, सारजे."

तिनं पुन्हा विचारलं, मोठ्यानं.

"असं मढ्यावानी न्हाय," मोहनराव म्हणाला. "सायेबाला इचारायचीस तसं. हसून."

पोरांकडं एकदा बघून ती हसली. खरंच हसली. आणि हसता हसता तिचा चेहरा असा काही झाला की मी बांधावरून ओरडलो, "सारजाबाई, नको!" तोवर पोहरा त्याच्या कानशिलावर बसला होता. खुर्चीसकट तो मागं कोसळला, कानातून रक्त आलं. मग त्याचे गडी तिच्यावर तुटून पडले. काठ्या, दगड, लाथा. वस्तीची माणसं मध्ये पडली, त्यांचीही डोकी फुटली. मी बांध ओलांडून धावलो, माझ्याही खांद्यावर काठी बसली. आम्ही तिला ओढून काढली तेव्हा तिची छाती एका बाजूनं आत गेली होती. तिनं दोन दिवस तग धरला.

तिला शेवटची आंघोळ घालायला घरात पाणी नव्हतं. जोतीराम उठला, घागर घेऊन विहिरीवर गेला. मागोमाग सगळी वस्ती गेली. गडी काठ्या घेऊन बसले होते. डोक्याला फडकं बांधून मोहनरावही तिथंच होता. जोतीरामनं कुणाकडं बघितलं नाही, कुणाला विचारलं नाही. दोन बोटांच्या हातानं दोर धरून तो शेंदत राहिला. एक घागर, मग दुसरी. कुणी जागचं हललं नाही. त्या पाण्यानं बायकांनी तिच्या अंगावरचं रक्त धुतलं, आणि उरलेलं पोरांना प्यायला दिलं.