एक रेघ आणि सही

आमच्या रक्तपेढीतल्या ताईंना सगळे पाठीमागे ‘खोडताई’ म्हणायचे. नोंदवहीत चूक झाली की तिच्यावर एकच सरळ रेघ मारायची, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही ठोकायची, हा त्यांचा तीस वर्षांचा नेम. मी शेजारच्या टेबलावर पिशव्या देण्याघेण्याचं काम बघते, त्यामुळे त्यांची बोलणी सगळ्यात जास्त मीच खाल्ली आहेत.

महिन्यापूर्वी ब्लॉकचेनवाला इंजिनिअर आला. रक्तदात्याच्या दंडापासून रुग्णाच्या खाटेपर्यंत प्रत्येक नोंद म्हणे आता संगणकावरच्या साखळीत, कोणाच्या बापाला बदलता येणार नाही. जहाजातला माल, औषधं, जमिनीचे कागद, सगळं यावरच चालणार होतं.

"पहिली नोंद कोण करतं?" ताईंनी विचारलं.

"माणूसच करतो, ताई."

"मग चूकसुद्धा कोणाच्या बापाला बदलता येणार नाही."

सगळे हसले. वरिष्ठांनी मात्र फर्मान काढलं: शिबिरातून आलेल्या पिशवीचा गट साखळीत असतोच, इथे पुन्हा तपासायचा नाही. मला ते बरंच वाटलं. काम कमी झालं, खोटं कशाला बोलू?

परवा दुपारी प्रसूती विभागातून फोन आला. एका बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नव्हता. ओ पॉझिटिव्ह हवं, ताबडतोब. मी पिशवी काढली, कोड दाखवला, स्क्रीन हिरवी झाली. तिचा नवरा खिडकीशी हात पुढे करून उभाच होता. तेवढ्यात ताईंनी पिशवी माझ्या हातातून काढून घेतली.

"दोन मिनिटं."

"ताई, डॉक्टर ओरडतायत!"

"ओरडू दे."

त्यांनी पिशवीच्या नळीतलं रक्त पांढऱ्या टाइलवर दोन ठिकाणी टाकलं. एकात गट तपासायचं निळं औषध, दुसऱ्यात पिवळं. ओ गटाचं रक्त दोन्हीकडे जसंच्या तसं राहतं. फोन पुन्हा वाजला. मी उचलला नाही.

"नियम मोडताय तुम्ही," महिनाभर आमच्याच संगणकाशी बसून असलेला इंजिनिअर म्हणाला. "काही झालं तर याचीही नोंद राहील."

नवरा काचेवर हात आपटायला लागला. ताई टाइल हलकेच डोलवत होत्या. पिवळ्या औषधातलं रक्त फुटल्यासारखं झालं, त्यात दाणे धरले.

"बी आहे हे."

आवाज चढला नाही, पण ताईंचे ओठ पांढरे पडले होते. ओ गटाच्या बाईला ती पिशवी चढली असती, तर त्या रक्तानेच तिचा जीव घेतला असता. आणि पिशवी मी दिली असती.

दुसरी पिशवी टाइलवर खरी उतरली. नवरा ती छातीशी धरून पळाला. तासाभराने वरून फोन आला, बाई वाचली. मी तिथेच रडले.

"आता ही चूक खोड," ताई इंजिनिअरला म्हणाल्या.

"खोडता येत नाही. खाली नवी नोंद जोडता येते."

"मग जोड की!"

तो बराच वेळ बटणं दाबत होता. स्क्रीन हिरवीच. शेवटी ताईंनी लाल पेन घेतलं, पिशवीवरच्या ‘ओ’वर रेघ मारली आणि सही केली. रेघ वाकडी आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मग इंजिनिअरने पाकिटातून रक्तदात्याचं कार्ड काढलं.

"ताई, ही पिशवी साखळीच्या उद्घाटनाच्या शिबिरातली ना? मीही तिथेच दिलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच. माझा गट मला या कार्डावरूनच कळलाय."

ताईंनी टाइल धुतली. त्याने बोट पुढे केलं.