मधाची बाटली

आमच्या वॉर्डातल्या सिस्टर बोलायला लागल्या की खालचे ऑटोवालेसुद्धा गप्प होत. प्रत्येक बाळंतिणीला "रानी" म्हणायच्या आणि त्याच दमात झापायच्या. बाळ झालं त्या दिवशी सासूबाई त्याला चाटवायला मधाची बाटली घेऊन आल्या. सिस्टरांनी ती काढूनच घेतली. "माँजी, बच्चे को सिर्फ माँ का दूध!"

सासूबाई फुगल्या. सिस्टरांनी तोच मध टोस्टवर घालून मला दिला. "सुबह से सब बच्चे को देख रहे हैं. इसने कुछ खाया, किसी ने पूछा?"

घरी सोडताना मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "सिस्टर कैसी लगी?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "बहुत चिल्लाती है."

आणि जाता जाता सिस्टरांच्या टेबलावर फ्रीगंजच्या बाजारातून आणलेली मधाची नवी बाटली ठेवली. "अगली बहू के टोस्ट के लिए."