परत विचारायचं नाही

दौलत गेल्याचा फोन आला तेव्हा मी सहामाहीचे इंग्रजीचे पेपर तपासत होतो. फोन त्याच्या पुतण्याचा. सकाळी चहा पिताना छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. मी 'बरं' म्हणालो. बरं हा काय शब्द झाला... आणि पुढचे दोन पेपर तपासलेही. नंतर पाहिलं तर त्या दोघांनाही पैकीच्या पैकी गुण देऊन ठेवले होते. त्याला आता सहा आठवडे झाले. तेव्हापासून एका जागी बसवत नाही. गॅसवर चहा ठेवतो, तो उतू जातो. फोन उचलतो, दौलतचा शेवटचा मेसेज उघडतो, परत ठेवतो. त्या मेसेजला उत्तर द्यायचं राहून गेलं आहे.

आम्ही दोघे देवळ्याच्या एकाच शाळेतले, एकाच बाकावरचे. मी शिकून नाशिकला कॉलेजात इंग्रजीचा मास्तर झालो, तो लासलगावला कांद्याचा व्यापारी. चाळीस वर्षांत पहिला फोन नेहमी त्याचाच. "कसा शे, गुरुजी?" आपणही कधी फोन करायचा असतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पुढे त्याने परदेशात कांदा पाठवायला सुरुवात केली आणि इंग्रजी मेलचं काम माझ्याकडे आलं. दर शनिवारी एसटीने लासलगाव गाठायचं, त्याच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरसमोर बसायचं. चष्मा घरी विसरणं ही माझी जुनी खोड. चार-पाचदा तसं झाल्यावर त्याने माझ्या नंबरचा चष्मा करून घेतला आणि टेबलाच्या खणात ठेवून दिला.

एका परदेशी खरेदीदाराला त्याने नमुन्याचा कांदा पाठवला होता, हवी ती सगळी माहिती कळवली होती, आणि समोरून उत्तर नव्हतं. तर हा रोज दोन-दोन मेल पाठवायचा. प्लीज रिप्लाय सर. वेटिंग सर. मी वैतागलो. म्हटलं, एवढी गयावया कशाला? इंग्रजीत यासाठी नेमकं वाक्य आहे : द बॉल इज इन युवर कोर्ट. आपल्याकडून करायचं ते करून झालं, आता पुढचं पाऊल तुम्ही उचलायचं, एवढाच त्याचा अर्थ. वर्गात सांगतो तसा वापरही सांगितला. आपलं खरंच करून झालं असेल तरच लिहायचं, धमकीच्या सुरात लिहायचं नाही. "आणि एकदा लिहिलं की परत विचारायचं नाही. विचारलंस तर वाक्य फुकट गेलं." हा शेवटचा नियम कुठल्याही पुस्तकात नाही. तो माझा, मास्तरकीच्या तोऱ्यात ठोकून दिलेला. दौलतला मात्र तो एकदम पटला. शाळेच्या मैदानावर आम्ही व्हॉलीबॉल खेळायचो. तो म्हणाला, बरोबर हाय, चेंडू पलीकडं गेल्यावर जाळीखालून घुसून कोण आणतं? ते वाक्य लिहून मेल पाठवला आणि चार दिवस तो कॉम्प्युटरकडे फिरकला नाही. पाचव्या दिवशी उत्तर आलं.

मग काय, त्या वाक्याने त्याला झपाटलंच. ट्रकवाल्यांपासून बाजार समितीतल्या लोकांपर्यंत सगळ्यांच्या कोर्टात तो बॉल टाकत सुटला. लेकीच्या लग्नाच्या वेळी मुलाकडच्यांना होकार कळवला आणि सांगून टाकलं, आता बॉल तुमच्या कोर्टात. मुलीकडच्यांनीच पुन्हा पुन्हा विचारत राहायचं ही आपल्याकडची रीत. त्याची बायको, मंगलवहिनी, रोज रडकुंडीला यायच्या. हा ढिम्म. अकराव्या दिवशी मुलाचे वडील स्वतः घरी आले. लेकीचं लग्न गुरुजीच्या वाक्यानं जमलं, असं तो गावभर सांगायचा. मला ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

गेल्या वर्षी तो खरेदीदार प्रत्यक्ष लासलगावला आला. दौलतने त्याच्याशी स्वतः इंग्रजीत बोलायचं ठरवलं होतं. महिनाभर आरशासमोर तयारी केली होती, हे मला नंतर कळलं. जेवताना तो बोलू लागला आणि मी मध्येच त्याचं वाक्य दुरुस्त केलं. पुन्हा एकदा केलं. तिसऱ्यांदा केलं तेव्हा तो मराठीत म्हणाला, "तूच बोल मग, गुरुजी," आणि जेवण संपेपर्यंत नुसता पाहुण्याला वाढत राहिला. पाहुण्याला त्याचं सगळं बोलणं कळत होतं. अडत होतं ते फक्त माझं. आणि इतकं करून, मेल तपासायला त्याचं बोलावणं येईनासं झालं म्हणून रुसून बसलो तो मीच!

महिन्याभराने त्याचा मेसेज आला. "शनिवारी ये. तुझी खुर्ची तशीच हाय. माझ्या मनात काय नाय. आता बॉल तुझ्या कोर्टात." वाचून बरं वाटलं. तरी मनात आलं, करेल की फोन एक-दोन दिवसांत, नेहमी करतोच. दोन दिवसांचे दोन आठवडे झाले, मग सुट्ट्या लागल्या, मग कॉलेज सुरू झालं... सात महिने गेले. फोन आला नाही. बायकोला मी म्हणायचो, बघ, केवढी अढी धरून बसलाय.

दहाव्याला लासलगावला गेलो तेव्हा वहिनी शेजारी येऊन बसल्या. "भाऊजी, मी धा वेळा म्हटलं, लावा की फोन. तर म्हणायचे, नाय, गुरुजीनंच शिकवलंय, एकदा सांगितलं की परत विचारायचं नाय." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, त्या फक्त सांगत होत्या. तो अढी धरून बसलाच नव्हता. तो माझा धडा गिरवत बसला होता. हे मला सहन होत नाही. रात्री कुशी बदलतो, सकाळी वर्गात उभा राहतो आणि शिकवता शिकवता मध्येच थांबतो.

व्यवहार आता वहिनी बघतात. गेल्या शनिवारी त्यांनी मला बोलावून घेतलं. खरेदीदाराला कळवायचं होतं की दौलत गेला, पण काम चालू आहे, यंदा माल घेणार का. माझी खुर्ची खरोखरच तशीच होती. सवयीने खिसे चाचपले, चष्मा घरीच राहिला होता. वहिनींनी खण उघडून पिवळ्या फडक्यात गुंडाळलेला चष्मा पुढे केला. म्हणाल्या, "दर शनिवारी पुसून ठेवायचे." काचा इतक्या लख्ख होत्या की मला काही वेळ पडद्यावरचं काहीच दिसेना. मग मेल लिहिला. वहिनी म्हणाल्या, "शेवटी ते वाक्य टाका ना त्यांचं." टाकलं. वाचलं. आणि खोडलं. म्हटलं, "नको वहिनी. उत्तर नाही आलं तर आपण परत विचारू. दहादा विचारू." निघताना त्या चष्मा घरी घेऊन जा म्हणाल्या. मी तो पुसला, फडक्यात गुंडाळला आणि खणात ठेवून आलो.

आज शुक्रवार. उत्तर अजून आलेलं नाही. मघाशी वहिनींना फोन केला, उद्या येतोय म्हणून. चाळीस वर्षांत त्या घरी पहिला फोन मी केला.