एकशे ब्याऐंशी दिवसांच्या आत

ललित मंडलिक मखमलाबादचा. वडील खंडेराव झेंडू आणि शेवंती करायचे, पहाटे गणेशवाडीच्या फूलबाजारात नेऊन विकायचे. ललितचं मन मात्र यंत्रात. आयटीआय करून तो फिटर झाला, अंबडच्या एका कारखान्यात नऊ वर्षं राबला आणि मग ओळखीनं आखाती समुद्रातल्या एका तेलविहिरीवर लागला. अठ्ठावीस दिवस समुद्रात, अठ्ठावीस दिवस घरी. पगार अंबडच्या चौपट.

मी शहरात, कॅनडा कॉर्नर चौकात, करसल्लागार म्हणून बसते. सात वर्षांपूर्वी तो पासपोर्ट घेऊन माझ्याकडे आला, तेव्हा मी त्याला नियम समजावला. नोकरीसाठी परदेशी असलेला माणूस एप्रिल ते मार्च या वर्षात एकशे ब्याऐंशी दिवसांपेक्षा कमी भारतात राहिला, तर तो अनिवासी. तिकडच्या पगारावर इथं कर नाही. एकशे ब्याऐंशी भरले की निवासी, आणि सगळा पगार इथं करपात्र.

"म्हणजे घरी जास्त राहिलो की दंड," तो म्हणाला.

"दंड नाही रे, कर."

"आमच्या खिशाला दोन्ही सारखंच, मॅडम."

तेव्हापासून तो दिवसांचा हिशोब मोबाइलमध्ये ठेवायचा. दरवर्षी एकशे अडुसष्ट, एकशे सत्तर. कधी अडचण आली नाही.

मागच्या जानेवारीत खंडेरावांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली. ललितनं तेरा दिवस रजा वाढवून घेतली. वडिलांना आंघोळ घालणं, डाव्या हातानं चमचा धरायला शिकवणं, सगळं त्यानं केलं. छाया, त्याची बायको, मला नंतर म्हणाली, "बाप-लेक एवढं बोलताना मी पहिल्यांदा पाहिलं."

मार्चमध्ये तो पुन्हा सुट्टीवर आला. वीस तारखेला त्याचा मला फोन आला. मार्चअखेर म्हणजे आमच्या ऑफिसात पाय ठेवायला जागा नसते. मी एका कानाला फोन लावून दुसऱ्याच कुणाचे कागद बघत होते.

"मॅडम, आज एकशे सत्त्याहत्तर झाले. ड्यूटी दोन एप्रिलपासून हाय."

मी बोटांवर मोजलं. "चोवीसला नीघ. जायचा दिवस धरून एकशे एक्क्याऐंशी होतील. एक तारखेपर्यंत कुठंही देशाबाहेर राहा, आणि तिथूनच कामावर जा."

"थांबलोच तर?"

"तर वर्षाचा सगळा पगार करात येईल. चार लाखांच्या वर जाईल."

 तो "बरं" म्हणाला. घरी कसं आहे, हे मी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.

खंडेराव त्या वेळी दवाखान्यात होते. छातीत कफ साठून ताप आला होता. डॉक्टर म्हणाले होते, काळजी नको, तीन-चार दिवसांत घरी सोडू. त्या भरवशावर ललित होळीच्या दिवशी निघाला. खाटेजवळ वाकून म्हणाला, "अण्णा, कंपनीनं लवकर बोलावलंय."

"मग जा की," खंडेराव म्हणाले. जीभ अजून जड होती. "काम हाय तर लोकं इचारतेत. माझं काय, बरा हाय मी."

कंपनीनं बोलावलं नव्हतं. शारजामध्ये सहा जणांच्या एका खोलीत त्यानं आठवड्यासाठी पलंग घेतला. बाकीचे सकाळी कामाला जायचे. हा दिवसभर एकटा पलंगावर बसून राहायचा. बाहेर पडायचंही त्याला मन नव्हतं.

रोज दुपारी वडिलांचा फोन यायचा. छाया फोन धरायची, ते बोलायचे.

"पोचला का कामावर?"

"पोचलो."

"ऊन लय असंल तिकडं. डोकं झाकत जा."

"झाकतो, अण्णा."

दवाखान्यात येणाऱ्या-जाणाऱ्याला खंडेराव सांगायचे, पोरगा थांबला असता, पण कंपनीचं त्याच्याशिवाय अडतं. छायाला खरं ठाऊक होतं. ती खाली मान घालून बसायची.

अठ्ठावीसच्या पहाटे दवाखान्यातच, झोपेत खंडेराव गेले.

अग्नी द्यायला एकच मुलगा, म्हणून रात्रभर देह शीतपेटीत ठेवला. ललित एकोणतीसला दुपारी पोचला. तिरडीजवळ जमलेली माणसं म्हणत होती, बघा, समुद्रातलं काम टाकून आला, असा मुलगा असावा. एका म्हाताऱ्यानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. ललित मला म्हणाला, "तो हात झटकून टाकावा असं वाटलं, मॅडम. पण काय सांगून झटकणार?"

ड्यूटी पुढं ढकलून तो घरी थांबला, आणि तेराव्यानंतर त्यानं आईला सगळं सांगितलं. नवसाबाई सुईदोरा घेऊन हार ओवत होत्या. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"त्यांला माहीत होतं?"

"नाय."

"मग मला तरी कशाला सांगितलं," त्या म्हणाल्या. "कामापायी गेलास, तेवढ्यावर मी दिवस काढीत होते."

त्यानंतर त्या त्याच्याशी बोलत राहिल्या, जेवायला वाढत राहिल्या, पण खंडेरावांचं नाव पुन्हा त्याच्यासमोर घेतलं नाही.

जुलैत तो विवरणपत्र भरायला आला. दाढी वाढलेली, अंगानं उतरलेला. सगळी हकीकत त्यानं मला तेव्हा सांगितली. मी पासपोर्टचे शिक्के मांडले. शेवटचे तीन दिवस धरून एकशे चौऱ्याऐंशी भरत होते.

"यावर वाद घालता येतो," मी म्हणाले. "भारतात उतरलास तो दिवस धरायचा की नाही, यावर निकाल दोन्हीकडचे आहेत. तुझ्या सहा खेपा आहेत, वर ही सातवी. ते दिवस वगळले तर तू आत बसतोस. मी लढते."

"नको. सगळे धरा."

"चार लाखांवर जातंय, ललित. व्याज वेगळं."

"उतरलो तेव्हा मी घरीच येत होतो ना मॅडम? मग घरी नव्हतो असं कसं लिहायचं?"

 मी म्हणाले, "त्या दिवशी मी फोनवर विचारायला हवं होतं."

"तुम्ही कायदा सांगितला. थांबायचं का जायचं, हे मी ठरवलं."

कर भरला. त्यासाठी छायानं दोन वर्षांपासून साठवलेले, वरच्या खोलीच्या बांधकामाचे पैसे गेले. 

तो अजून तेलविहिरीवरच आहे. मुलगी तेजस्विनी बारावीला आहे, आणि अंबडच्या पगारात तिचं पुढचं शिक्षण निघणार नाही. सुट्टीत आला की पहाटे तो स्वतः फुलं घेऊन गणेशवाडीला जातो. एकदा मला तिथं भेटला, खंडेरावांच्याच जागेवर. पाटीतली शेवंती पाणी मारून ओली ठेवली होती. भाव सांगायला त्याला जमत नव्हतं. गिऱ्हाईक म्हणेल त्याला तो मान डोलवत होता. मी पावशेर घेतली. त्यानं माझ्याकडून पैसे घेतले, सुटे मोजून परत दिले, आणि पुढच्या माणसाकडे वळला.