बागेला भरपूर पाणी द्या, असं मशीन म्हणालं

"मॅडम, पाठवलं उत्तर. चार मिनिटांत!" प्रणाली म्हणाली. तिला शाबासकी हवी होती. मी चष्मा सरकवून तिची स्क्रीन पाहिली आणि शाबासकी गिळली.

फोटोत संत्र्याची झाडं होती. पानं मलूल, कडा वळलेल्या, काही पिवळी होऊन गळलेली. खाली शेतकऱ्याचा प्रश्न : 'झाडं सुकून राहिली. काय करू?' त्याखाली आमचं उत्तर : 'पाण्याची तीव्र कमतरता दिसते. बागेला ताबडतोब भरपूर पाणी द्या.'

डिसेंबर संपत आला होता. शहरातल्या मुलांनो, तुमच्याकडे संत्री सुपरमार्केटात उगवतात, म्हणून सांगते. आमच्याकडे या दिवसांत बागायतदार मुद्दाम पाणी बंद करतो. महिना-दीड महिना झाड तहानलेलं ठेवतो. याला ताण देणं म्हणतात. झाड घाबरून वाढ थांबवतं, आणि मग बेताबेतानं पाणी सुरू केलं की फुलांनी भरून जातं. हा आंबिया बहार. मध्येच भरपूर पाणी मिळालं, तर झाड खुशीत येऊन पालवी काढतं आणि फुलायचं विसरतं. वर्षाचं पीक गेलं.

"प्रणाली, हा माणूस वरूडचा, संत्र्याच्या पट्ट्यातला आहे. त्यानं झाडं मुद्दाम सुकवलीत."

"मशिननं तसं नाही सांगितलं, मॅडम."

"मशीनला ते कोणी विचारलं का?"

ती दर्यापूरची. कपाशी आणि सोयाबीन तिला तोंडपाठ. संत्री तिनं फक्त खाल्लेली.

आमचं ऑफिस अमरावतीत. शेतकऱ्यांच्या एका कंपनीचं सल्ला केंद्र. शेतकरी फोनवर फोटो आणि प्रश्न पाठवतो, एआय उत्तराचा ड्राफ्ट करतं, आमची मुलं तो तपासून पाठवतात. अकोल्याला कॉलेजात शिकवून मी रिटायर झाले, तेव्हा ही टीम सांभाळायला मला बोलावलं. आल्या आल्या मी शिस्त लावली. भिंतीवर कागद डकवला : दहा मिनिटांत उत्तर, चहा जागेवर, कामाच्या वेळी आपसात बोलू नये. शेजारी एक स्क्रीन, कोणी किती उत्तरं दिली ते दाखवणारी. खोली अशी शांत झाली की मला माझाच अभिमान वाटला.

त्या स्क्रीनवर नामदेवरावांच्या नावापुढे कायम शून्य असे. ते आमचे फील्ड असिस्टंट. तीस वर्षं बागा पायांनी मोजलेला माणूस, पण टाइप करत नाही. संचालक गावंडे साहेब सोमवारी रिव्ह्यूला येणार होते. फोनवर म्हणाले होते, "शून्यवाल्याले पुढच्या महिन्यापासून ठेवायचं काहून, मॅडम? कारण तयार ठेवा." माझ्याकडे कारण नव्हतं.

आत्ता मात्र तो शेतकरी गाठायला हवा होता. मी नंबर लावला. रिंग वाजत राहिली. अनिकेतनं, म्हणजे आमच्या अकोल्याच्या जठारपेठेतल्या कॉम्प्युटरवाल्यानं, हेडफोन काढला.

"मॅडम, फोन व्हरांड्यात वाजून राहिला."

बाहेर बाकावर नामदेवराव बसले होते. खिशात फोन वाजत होता. चेहरा अगदी निरागस.

"नामदेवराव, हा फोन कोणाचा?"

"बायकोचा."

"आणि फोटो?"

"आपल्याच बागेतला हाय. म्हटलं, पाहू तं मशिन काय म्हनते."

"मग मला येऊन सांगायचं!"

"बोलू नका असं तुमीच लिवलं ना जी भिंतीवर."

प्रणाली माझ्या मागून आली होती. ती भडकली.

"काका, माह्या नोकरीशी खेळून राहिले काय तुमी?"

"तुही राहते, पोरी. जाईन तं माही."

साहेबांचं बोलणं मी कोणाला सांगितलं नव्हतं. पण ऑफिसात न सांगितलेली गोष्टच सगळ्यांना माहीत असते.

अनिकेतनं काकांना हाताला धरून आत आणलं, स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. काका सांगत गेले, प्रणाली टाइप करत गेली : वरूड, काळी जमीन, पाणी कधीपासून बंद, कोणता बहार. मशीननं आता अगदी बरोबर उत्तर दिलं. ताण कधी आणि कसा तोडायचा, म्हणजे पाणी पुन्हा कधी सुरू करायचं, तेही सांगितलं.

काका थोडे हिरमुसले. "म्हंजे याले सगळं येते तं!"

"येते," अनिकेत म्हणाला. "पन थे तुमच्यासारखंच हाय, काका. इचारल्याशिवाय सांगत नाई."

मी भिंतीवरचा कागद काढला. चार वाजता चहा व्हरांड्यात, आणि येताना प्रत्येकानं मशीन जिथे अडखळलं तो एक प्रश्न आणायचा, असं ठरलं. दुसऱ्याच दिवशी बोंडअळीवरून प्रणालीनं काकांना असं पकडलं की ते दोन कप चहा मुकाट प्याले.

सोमवारी गावंडे साहेब आले. मी ते चुकलेलं उत्तरच आधी पुढे ठेवलं. खाली लिहिलं होतं : 'चूक : टीमप्रमुखाची.' साहेबांनी दोनदा वाचलं.

"याच्यात चुकलं काय? मी बी माह्या बागेचा फोटो टाकला होता. हेच उत्तर आलं."

साहेबांचं अमरावतीत कापडाचं दुकान. बाग त्यांनी नुकतीच घेतलेली.

"मग पाणी सोडलंत?" मी विचारलं.

"कुठचं सोडता! परवा गड्याले सांगतलं, तं म्हनते मोटर जळली. मेकॅनिकच भेटून नाई राहिला म्हनते."

नामदेवराव छताकडे पाहत होते. "गडी कुठचा, सायेब?"

"वरूडचाच."

"मंग मोटर जळली नाई. गडी शहाना हाय तुमचा."

प्रणालीनं ओढणी तोंडावर धरली. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी फाइलीकडे. मग मी त्यांना ताण समजावून सांगितला, जसा वर तुम्हाला सांगितला तसाच. ऐकता ऐकता त्यांचा रंग बदलत गेला. ते फोन घेऊन बाहेर गेले आणि पाच मिनिटांनी दारातूनच म्हणाले, "नामदेवराव, चला, बसा गाडीत. बाग दाखवतो."

संध्याकाळी त्यांचा मला फोन आला. "मॅडम, थे शून्याचं राहू द्या. मानूस राहू द्या." स्क्रीन मी दुसऱ्या दिवशी उतरवली. साहेबांची मोटर जानेवारीत, नामदेवरावांनी सांगितलेल्या तारखेला, आपोआप दुरुस्त झाली.

इतकी वर्षं वर्गात 'सायलेन्स' म्हणत आलेल्या बाईला हे उशिरा कळलं : जिथे कोणी कोणाला काही विचारत नाही, ती खोली फार शिस्तीची दिसते. अशी खोली दिसली की आधी चहा टाकायला सांगावा.