विटी लागली होती

काही वर्षांपूर्वी डहाणूतल्या आम्ही चाळिशी-पन्नाशीच्या माणसांनी विटीदांडू पुन्हा खेळायला सुरुवात केली. जुन्या रीतीनेच. अनवाणी पायांनी, बाभळीच्या विटीने, आणि अंतर टेपने न मोजता दांडूने, वकट, लेंड, मूंड असं मोठ्याने म्हणत. आमच्यात एक शाळामास्तर, एक शिंपी, चिकूच्या वाडीवाले दोघे भाऊ आणि असेच काहीजण होते. मी जमीन मोजणीच्या खात्यात नोकरीला. वर्षभरात बातमी पसरली. वाणगावच्या भाजीवाल्यांनी आपलं मंडळ काढलं, आगरच्या मासेमारी करणाऱ्यांनी काढलं. आगरकरांच्या हातून झेल म्हणून सुटत नसे. मग तलासरीच्या बाजूच्या डोंगराकडल्या एका पाड्यावरून निरोप आला की आम्ही हा खेळ कधी सोडलाच नाही, तर एकदा आमच्याकडे येऊन बघा.

पंच ठेवायचा नाही, हे सगळ्या मंडळांनी मिळून ठरवलं होतं. ज्याचा डाव, त्यानेच खरं काय ते सांगायचं. दुसरी एक रीत न ठरवताच पडून गेली, ती म्हणजे ज्यांच्या गावी खेळ त्यांनी पाहुण्यांना जेवू घालायचं.

तलासरीच्या मंडळाचा कप्तान पन्नाशीचा, काटक, कमी बोलणारा शेतकरी होता. पावसाळ्यात भात आणि नागली, बाकी दिवसांत मिळेल ते काम. मला तो खेळाच्या आधीपासून ओळखत होता. त्याच्या आणि शेजाऱ्याच्या बांधाचा वाद होता आणि मोजणीला मी गेलो होतो. माझ्या मोजणीत त्याच्या बाजूची भाताची एक पट्टी शेजाऱ्याकडे गेली. तो एवढंच म्हणाला, "साहेब, तुम्ही दगड जिथे रोवाल तिथे माझी हद्द." नंतर खेळाच्या निमित्ताने भेटलो तेव्हा त्याने आपल्या लोकांना माझी ओळख करून दिली ती अशी: "हे मोजणीवाले साहेब. यांचं माप सरळ असतं."

त्या माघ महिन्यात आम्ही त्यांच्या पाड्यावर खेळायला गेलो. भात कापलेलं शेत, पायाखाली टोचणारी धसकटं, एका कडेला मोहाची दोन झाडं. सामना अटीतटीचा झाला. शेवटचा डाव माझा होता आणि आम्ही थोडे मागे होतो. मी गलीवरून, म्हणजे मातीत खणलेल्या छोट्या खळगीवरून, विटी कोलली. ती बरीच लांब जाऊन पडली. रीतीप्रमाणे मी दांडू गलीवर आडवा ठेवला आणि बाजूला उभा राहिलो. आता जिथे विटी पडली तिथून त्यांनी ती दांडूवर फेकायची. लागली तर मी बाद.

फेकायला कप्तान स्वतः आला. विटी माझ्यापुढे जमिनीवर आपटली, उसळली, आणि दांडूच्या टोकाला घासून मागे गेली. आवाज झाला, टक्. अगदी हलका. दांडू केसभर सरकला. दोन्ही संघ लांब उभे होते. माझ्याइतकं जवळ कोणी नव्हतं.

कप्तानाने तिथूनच विचारलं, "साहेब, लागली का?"

मी म्हणालो, "नाही लागली."

"बरं," तो म्हणाला, आणि वळून आपल्या जागी गेला.

का म्हणालो, हे मला आजही सांगता येत नाही. पैजेची गोष्ट नव्हती, बक्षीस नव्हतं. मागून मास्तर ओरडत होते, वाडीवाले दोघे टाळ्या पिटत होते, आणि ते दोन शब्द तोंडातून निघून गेले. पुढच्या टोल्याला मी विटी मोहाच्या झाडापलीकडे मारली. आम्ही जिंकलो.

मग जेवणं झाली. तांदळाची भाकरी, उडदाची आमटी, सुकटीची चटणी. पंगत अंगणात बसली होती आणि कप्तान स्वतः वाढत होता. माझ्यासमोर आला तेव्हा मी पानाकडे बघत राहिलो. त्याने भाकरी ठेवली आणि म्हणाला, "आज हात बसला होता तुमचा." मी हो म्हणालो. निघताना त्याने आम्हाला हायवेपर्यंत सोडलं आणि बस येईपर्यंत उभा राहिला. तेवढ्या वेळात सांगता आलं असतं. बस आली.

मी ठरवलं, पुढच्या हंगामात ते डहाणूला येतील तेव्हा बाजूला घेऊन सांगायचं. हसून सांगायचं, म्हणजे तोही हसेल.

भाद्रपदात मंडळांच्या ग्रुपवर वाणगावच्या एकाने दोन ओळी टाकल्या. तलासरीचे कप्तान गेले. ताप होता, चौथ्या दिवशी संपलं.

दहाव्याला आमच्यातले चौघे गेलो. घरच्यांनी ओटीवर घोंगडी घातली, चहा दिला. कप्तानाची बायको दाराशी बसली होती. मास्तर चार शब्द बोलले. निघताना तिने मला थांबवून विचारलं, "ते मोजणीवाले साहेब तुम्हीच ना? तुमचं नाव काढायचे." मी मान हलवली आणि पायऱ्या उतरलो.

त्यानंतर तो आवाज मागे लागला. कामावर असताना हद्दीची खुंटी ठोकली जायची आणि पहिल्याच घावाला मी दचकायचो. कोणी शेतकरी सहज म्हणायचा, "साहेब, इथेच ना?" आणि मी पुन्हा मशीन लावून मोजायचो, मग तिसऱ्यांदा मोजायचो. हाताखालचे लोक कंटाळायचे. एकदा वाणगाव स्टेशनबाहेर भर दुपारी, भाजीच्या पाट्यांच्या गर्दीत मला तो पाठमोरा दिसला. तीच उंची, मागे बांधलेले हात, डावा खांदा किंचित खाली. मी त्याच्या मागे बाजाराच्या टोकापर्यंत गेलो. तो एका दुकानाशी थांबला, वळला. दुसराच कोणी होता. त्याने विचारलं, "काय पाहिजे?" मला काय पाहिजे होतं ते मी त्याला कसं सांगणार. घरी गेलो आणि बायकोला पहिल्यांदा सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? त्यांच्या माणसांना सांगा."

मार्गशीर्षात तलासरीचं मंडळ डहाणूला आलं. आता कप्तान होता त्याचा धाकटा भाऊ. हायवेवर टायरचं काम करणारा, गुजरात्यांशी रोजचा संबंध, त्यामुळे विटीला तो मोईच म्हणायचा. खेळ सुरू होण्याआधी मी सगळ्यांना थांबवलं आणि दोन्ही मंडळांसमोर सांगितलं की मागच्या माघात विटी लागली होती, मी बाद होतो, मी खोटं बोललो.

आमच्यातला शिंपी म्हणाला, "हे आत्ता कशाला?" मास्तर माझ्याकडे बघेनात. जिंकल्याची गोष्ट त्यांनी शाळेत मुलांना सांगितली होती, हे मला नंतर कळलं.

धाकटा भाऊ जवळ आला. "दादाला माहीत होतं," तो म्हणाला. "आवाज आला होता त्याला. घरी बोलला होता."

"मग तेव्हा का नाही बोलले?"

"विचारलं ना त्याने तुम्हाला. एकदा विचारलं म्हणजे झालं."

"रागावले होते?"

"रागावला नाही. वाईट वाटलं त्याला. पण तुम्हाला पाहुणा म्हणून बोलवायचं नाही असं म्हणाला नाही." मग त्याने आपल्या लोकांना हाक मारली आणि खेळ सुरू केला.

मला वाटलं होतं, सांगितल्यावर सुटेन. तसं झालं नाही. आधी तो आवाज फक्त मला ऐकू आला असं मी समजत होतो. आता कळलं की तो दोघांनी ऐकला होता, आणि ऐकूनही तो माणूस मला भाकरी वाढत होता, बसपर्यंत सोडायला आला होता. हायवेवर शेजारी उभा होता तेव्हा तो वाट बघत होता का, हे विचारायला आता कोणी नाही.

मी डाव घ्यायला घाबरू लागलो. घेतलाच, तर फेकलेली विटी दांडूच्या आसपास आली की कोणी विचारायच्या आतच म्हणायचो, "लागली." आणि बाजूला व्हायचो. आमच्या लोकांनी सुरुवातीला कौतुक केलं, मग चिडले. आगरच्या सामन्यात असं दोनदा झालं. मला मात्र तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

फाल्गुनात पुन्हा तलासरीला गेलो. तेच शेत. माझ्या डावाला धाकट्या भावाने विटी फेकली. ती दांडूच्या वीतभर अलीकडे पडली आणि बाजूला गेली. मी म्हणालो, "लागली," आणि दांडू उचलायला वाकलो.

तो सावकाश चालत आला. गलीशी उकिडवा बसला, मातीत विटी टेकल्याची खूण होती तिच्यावर बोट ठेवलं.

"नाही लागली, साहेब."

"लागली, मी बघितलं."

"नाही लागली," तो हळू आवाजात म्हणाला, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये इतक्या. "हेही खोटंच की. दादाच्या नावाने असं काही करू नका. त्याला चालायचं नाही."

मी दांडू तसाच सोडून सरळ उभा राहिलो. तो उठून पाठ फिरवून उभा राहिला. बाजूला त्यांचा एक म्हातारा खेळाडू विचारत होता, काय झालं, बाद का? धाकट्याने सांगितलं, "नाही. डाव चालू आहे."

मी दांडू हातात घेतला. तळहाताला घाम होता, तो सदऱ्याला पुसला. विटीचं टोक मारून ती वर उडवली, पहिला टोला हुकला, दुसराही हुकला. तिसऱ्याला जेमतेम लागली आणि थोड्याच अंतरावर पडली. मी दांडूने मोजत निघालो, वकट, लेंड, मूंड, आणि माझ्यासोबत धाकटा भाऊ चालत होता, प्रत्येक माप ओठांत म्हणत.